अकृताचे फळ

भारतीय दर्शनांत कर्मविचाराची मांडणी करताना दोन दोष कटाक्षाने टाळले जातात. केलेल्या कर्माचे फळ कर्त्याला न मिळणे हा कृतनाश आणि न केलेल्या कर्माचे फळ दुसऱ्याच कोणाच्या पदरी पडणे हा अकृताभ्यागम. ज्या व्यवस्थेत हे दोष शिरतात ती न्याय्य म्हणता येत नाही. विसाव्या शतकात उत्तर ध्रुवालगतच्या हिमप्रदेशात हे दोन्ही दोष तर्कग्रंथांतून उतरून मानवी देहात प्रकट झाले.

१९८०च्या दशकात कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील संशोधक मातांच्या दुधातील पीसीबी या औद्योगिक रसायनाचे प्रमाण तपासत होते. तुलनेसाठी निर्मळ नमुना हवा, म्हणून त्यांनी प्रांताच्या उत्तरेकडील नुनाविकच्या इन्युइट स्त्रियांचे दूध घेतले. तेथे ते प्रमाण दक्षिणेतील स्त्रियांच्या सुमारे पाचपट निघाले.

यामागील कारणपरंपरा आता स्पष्ट आहे. दूर दक्षिणेत वापरलेली रसायने बाष्परूपाने वाऱ्यावर आणि सागरी प्रवाहांबरोबर उत्तरेकडे जातात. थंडीत ती खाली उतरतात व तेथे त्यांचे विघटन फार मंद होते. ती पाण्यापेक्षा चरबीत मुरतात. सूक्ष्म प्लवकांकडून माशांत, माशांकडून सील व बेलुगा देवमाशांत, अशा प्रत्येक पायरीवर त्यांचे प्रमाण वाढत जाते. या साखळीच्या शेवटी शिकारी माणूस असतो आणि त्याच्याही पुढे आईच्या अंगावर पिणारे मूल.

येथे दोषी कोण? रोहित्रात तेल भरणारा कामगार, पिकावर फवारणी करणारा शेतकरी यांपैकी कोणाच्याही मनात त्या मुलाचे अहित नव्हते. डीडीटीने तर हिवतापापासून असंख्य जीव वाचवले. त्याच हेतूने भारतातही, महाराष्ट्रातील रसायनीच्या सरकारी कारखान्यात, ते तयार होत असे. कर्ते अगणित, प्रत्येकाचा वाटा नगण्य, हेतू निर्दोष. मग अपराध उरतच नाही काय? हेतूवरून केवळ कर्त्याचे मन पारखता येते. झालेली हानी त्याने पुसली जात नाही. ज्याने लाभ घेतला आणि ज्याला परिणाम कळला, त्याच्यावर दायित्व येतेच. अज्ञान ही सबब ज्ञान होईपर्यंतच टिकते.

याहून अवघड प्रश्न सत्यकथनाचा आहे. इन्युइटांच्या जीवनात शिकार वाटून खाणे हाच समाजाचा बंध आहे. सील व देवमासा यांतून पोषक मेद व जीवनसत्त्वे मिळतात. दुकानातले आयात अन्न महाग आणि पुष्कळदा निकृष्ट असते. अशा माणसाला त्याच्या ताटात विष आहे असे सांगणे म्हणजे त्याच्या अन्नावरचाच नव्हे, त्याच्या परंपरेवरचाही विश्वास डळमळीत करणे. न सांगणे म्हणजे त्याला अजाण बालक समजणे. आरोग्याधिकाऱ्यांनी मध्यममार्ग शोधला: स्तनपान चालूच ठेवावे, असा सल्ला कायम राहिला, २०११ मध्ये नुनाविकमधील प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांना पाऱ्यामुळे बेलुगाचे मांस कमी खाण्यास सांगण्यात आले. सल्ला विवेकी होता. परंतु त्यात त्यागाची अपेक्षा निरपराधाकडूनच केली गेली. म्हणून सत्य सांगणाऱ्याचे कर्तव्य सांगून संपत नाही. विष जेथून निघते तेथवर त्याला ते सत्य नेऊन पोहोचवावे लागते.

ते कार्य अखेर इन्युइटांनी स्वतःच हाती घेतले. १९९९ मध्ये नैरोबी येथील आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत शीला वॉट-क्लुटिए यांनी माता व बालक यांचे इन्युइट शिल्प भेट दिले. २००१ मध्ये संमत होऊन २००४ मध्ये अमलात आलेल्या स्टॉकहोम कराराच्या प्रस्तावनेत आर्क्टिकमधील आदिवासी समाजांना असलेल्या विशेष धोक्याचा उल्लेख झाला. ज्यांच्या रक्तातून हा अन्याय वाचला गेला होता, त्यांच्या वाणीलाही त्यामुळे स्थान मिळाले.

पुढे जुन्या रसायनांचे प्रमाण घटत गेले. परंतु फ्लोरिनयुक्त नवी द्रव्ये त्याच वाटेने उत्तरेस पोहोचली. एकेका विषावर बंदी घालून अकृताभ्यागम संपत नाही, हेच यातून दिसते. नवे द्रव्य निर्माण करण्यापूर्वी त्याच्या अखेरच्या भोक्त्याचा विचार करणे, हा कर्माचाच भाग मानावा लागेल. तो भोक्ता दूर आहे, अनोळखी आहे, कदाचित अजून जन्मलेलाही नाही. आणि म्हणूनच त्याच्या वतीने विचार करण्याची जबाबदारी कर्त्याची आहे.