पुढच्या बाकांचा सिनेमा

हॉलिवुडच्या इतिहासातल्या एका मोठ्या कप्प्याकडे समीक्षकांनी बराच काळ ढुंकूनही पाहिलं नाही. १९३० पासून १९५४ च्या सुमारापर्यंत रिपब्लिक, मोनोग्राम यांसारख्या लहान कंपन्या आठवड्या-दोन आठवड्यांत एकेक काऊबॉयपट उरकत असत. चित्रपट जेमतेम तासाभराचा, आणि त्याचा मुख्य प्रेक्षक म्हणजे शनिवारी दुपारी मोजकी नाणी मुठीत घेऊन आलेली पोरं. जीन ऑट्री, रॉय रॉजर्स आणि ‘हॉपलाँग कॅसिडी’ म्हणूनच ओळखला जाणारा विल्यम बॉइड हे त्यांचे राजे होते. त्याच त्या टेकड्या दर चित्रपटात दिसत आणि आधीच्या चित्रपटातली पाठलागाची दृश्यं पुढच्यात खुशाल जोडली जात. पोरांना प्रेमप्रसंगांचा वैताग म्हणून नायक नायिकेपेक्षा घोड्याच्या जास्त जवळ असे.

तिथे या सिनेमाला उशिरा का होईना, जागा मिळाली. संग्राहक पुढे आले, अभ्यासकांनी पुस्तकं लिहिली. आपल्याकडेही याच जातीचा सिनेमा होता, तो म्हणजे स्टंटपट. तो परळमध्ये तयार होत होता, गिरणगावात पाहिला जात होता आणि त्यातला सर्वांत गाजलेला मराठी माणूस स्वतः गिरणी कामगाराचा मुलगा होता. तो सिनेमा आपण जवळजवळ पूर्ण गमावला. त्याचं कारण ‘तो टाकाऊच होता’ असं सांगितलं जातं. मला ते पटत नाही.

जे. बी. एच. वाडिया आणि होमी वाडिया या पारशी भावांनी १९३३ मध्ये वाडिया मूव्हीटोन सुरू केली. परळच्या लवजी कॅसलमध्ये त्यांचा स्टुडिओ होता. थोरले वाडिया हॉलिवुडचा नट डग्लस फेअरबँक्सचे चाहते. बुरखा घालून जुलमी सत्तेला नडणारा फेअरबँक्सचा झोरो १९२० मध्ये पडद्यावर आला होता. १९३५ च्या ‘हंटरवाली’त तोच बुरखा एका राजकन्येच्या चेहऱ्यावर चढला आणि हातात चाबूक आला. ती भूमिका करणारी नादिया म्हणजे ऑस्ट्रेलियात जन्मलेली मेरी इव्हान्स. ग्रँट रोडच्या सुपर सिनेमात लागलेला हा चित्रपट तुफान चालला. पुढे नट जॉन कावस, ‘पंजाब का बेटा’ नावाचा घोडा आणि ‘रोल्स रॉईस की बेटी’ म्हणून मिरवणारी मोटार हे सारे त्या पडद्यावरचे मानकरी झाले. घोड्याला आणि मोटारीला नटाइतका मान देणारा हा सिनेमा काऊबॉयपटांचा सख्खा भाऊ होता.

या वाटेवरचा मराठी माणूस म्हणजे भगवान आभाजी पालव, आपले भगवानदादा. १९१३ चा जन्म, बालपण दादर-परळच्या गिरणगावात, मूकपटांच्या अखेरच्या दिवसांत पडद्यावर प्रवेश. १९३८ मध्ये ‘बहादुर किसान’च्या दिग्दर्शनात त्यांचा वाटा होता. तिथून पुढची दहा-बारा वर्षं ते कमी खर्चाचे मारधाडपट काढत राहिले. १९४२ मध्ये स्वतःची जागृती पिक्चर्स आली, पुढे चेंबूरला स्टुडिओ झाला. उड्या त्यांच्या त्यांनीच मारायच्या, मार त्यांनीच द्यायचा आणि खायचा. या झटपट कामाची किंमतही होती. ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात त्यांची थप्पड ललिता पवारांना इतकी जोरात बसली की चेहऱ्याचा पक्षाघात झाला आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. स्टंटपटांची ती नायिका पुढे मराठी-हिंदी पडद्यावरची खाष्ट सासू झाली. प्रेक्षकांनी त्या बारीक डोळ्याला अभिनय समजून दाद दिली.

हा सिनेमा पाहत कोण होतं, याचं उत्तर मुंबईबाहेर शोधावं लागतं. खांब हे रोहा तालुक्यातलं, मुंबई-गोवा रस्त्यावर नागोठणे आणि कोलाडच्या मधलं गाव. १९८१ पर्यंत आजच्या रायगड जिल्ह्याचं नाव कुलाबा. खांबसारख्या गावांत एका पिकाच्या भातशेतीवर वर्ष निघत नसे, म्हणून पेण-रोह्याकडच्या घरांतून माणसं गिरणीची वाट धरत. धरमतरहून लाँचने मुंबई गाठायची, गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकायची, खानावळीत जेवायचं आणि साच्यावर (मागावर) किंवा कताई खात्यात उभं राहायचं. चाकरमानी म्हणवणाऱ्या या माणसांत पोरसवदा मुलं पुष्कळ असत. पडद्याला खेटून असलेल्या सर्वांत स्वस्त बाकांवर बसणारा प्रेक्षक तो हा.

प्रभातचा ‘कुंकू’ किंवा ‘माणूस’ पाहणाऱ्याला कथेतली घालमेल समजावी लागे. पुढच्या बाकांवरचा पोरगा काय पाहत होता? दिवसभर यंत्राच्या चालीवर चालणारं शरीर इथे स्वतःच्या चालीवर चालताना तो पाहत होता. गिरणीत शरीर पट्ट्याला बांधलेलं, जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, शिवीला बांधलेलं. पडद्यावर तेच शरीर छपरावरून उडी घेतं, धावती गाडी पकडतं आणि मुजोर माणसाला थेट थोबाडीत देतं. कमी पैशात जादूची दृश्यं परवडत नाहीत, म्हणून उडी खरी असावी लागते. स्वस्ताईमुळे आलेला हा खरेपणा त्या सिनेमाची कलाच होती. गिरणगावात गल्लोगल्ली व्यायामशाळा होत्या, त्यामुळे कोणती फेक खरी आणि कोणती बनावट हे या प्रेक्षकाला समीक्षकापेक्षा नेमकं कळे.

मोठ्या माणसांचा आक्षेप असा, की यातून पोरं बिघडतात. अमेरिकेतही हेच बोललं जाई. तिथे ऑट्रीने काऊबॉयची आचारसंहिता जाहीर केली: आधी गोळी झाडायची नाही, आपल्यापेक्षा लहानाला मारायचं नाही, शब्द फिरवायचा नाही, मुलं, म्हातारी माणसं आणि जनावरं यांच्याशी मायेनं वागायचं. आपल्याकडे अशी लेखी संहिता नव्हती, पण मजकूर तोच होता. हंटरवाली गोरगरिबांच्या बाजूनं लढते. थोरले वाडिया डावे विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे, त्यामुळे १९४० च्या ‘डायमंड क्वीन’मध्ये साक्षरता आणि स्त्रियांची मोकळीक यांवर चक्क भाषणं आहेत. बिघडवण्याचा आरोप टिकत नाही.

टिकतो तो दुसराच आरोप, आणि तो जास्त गंभीर आहे. परधर्माचा, परवंशाचा द्वेष नको, असं ऑट्रीची संहिता सांगे आणि काऊबॉयपटांच्या पडद्यावर तिथला मूळ रहिवासी आरोळ्या ठोकत मरण्यापुरता येई. आपल्या जंगलपटांनी हा साचा जसाच्या तसा घेतला. होमी वाडियांच्या १९३७ च्या ‘तुफानी टार्झन’पासून पुढे कितीतरी चित्रपटांत पिसं लावलेले, भाले नाचवणारे ‘जंगली’ दिसतात. रोहा-पेणच्या डोंगरांत कातकऱ्यांच्या आणि ठाकरांच्या वाड्या आहेत. खांबच्या शेतकऱ्याच्या पोराला पडद्यावर आपला पराक्रम दिसत होता. वाडीवरच्या पोराला त्याच पडद्यावर आपलं सोंग दिसलं असतं. गरिबाच्या सिनेमानं त्याहून गरिबाला खलनायकही नीटसं होऊ दिलं नाही, गर्दी केलं. या सिनेमाचं कौतुक करताना हा हिशेब मांडायलाच हवा. तो मांडला म्हणून सिनेमा विसरायचा, हे मात्र बरोबर नाही. आपले दोष तपासायलाही चित्रपट हाताशी असावा लागतो.

तो हाताशी नाही, आणि त्याला दर्जा हे कारण नाही. काऊबॉयपट वाचले ते टेलिव्हिजनमुळे. नव्या वाहिन्यांना स्वस्तात तासभराचा माल हवा होता. बॉइडने कर्ज काढून स्वतःच्या जुन्या चित्रपटांचे हक्क विकत घेतले होते. १९४९ पासून ते एनबीसीवर दिसू लागले आणि हॉपलाँगचं चित्र पोरांच्या जेवणाच्या डब्यांवर गेलं. दुसरी कमाई दिसली, म्हणून निगेटिव्ह जपल्या गेल्या. मुंबईत दूरदर्शन आलं १९७२ मध्ये. तोवर आपल्या स्टंटपटांच्या प्रती दुय्यम थिएटरांत आणि जत्रांतल्या तंबूंत झिजून गेल्या होत्या. त्या काळची नायट्रेट फिल्म तर स्वतःच पेट घेणारी. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये उभं राहिलं, तेव्हा पुष्कळ काही आधीच संपलं होतं. तेराशेच्या आसपास भारतीय मूकपटांपैकी तीसही शिल्लक नाहीत.

भगवानदादांचंच उदाहरण घ्या. त्यांचे बहुतेक मारधाडपट आज बघायला मिळत नाहीत. राहिला तो १९५१ चा ‘अलबेला’, आणि तो सी. रामचंद्रांच्या गाण्यांच्या बळावर. याच रामचंद्रांना संगीतकार म्हणून सुरुवातीची संधी भगवानदादांच्या चित्रपटांनी दिली होती. गाण्यांना तबकड्या आणि रेडिओ मिळाला, म्हणजे दुसरा बाजार मिळाला. उडीला तो मिळाला नाही. जागेच्या आठवणीचंही तसंच झालं. १९४२ मध्ये वाडियांच्या परळच्या जागेत शांतारामबापूंचं राजकमल कलामंदिर उभं राहिलं. त्या आवाराची आठवण मराठी माणसाला आज राजकमल म्हणूनच आहे.

मुलांसाठीच्या सिनेमाचा विषय निघाला की आपण ‘श्यामची आई’चं नाव घेतो. अत्रे यांचा १९५३ चा तो चित्रपट राष्ट्रपतींच्या पहिल्या सुवर्णपदकाचा मानकरी आहे, आणि कोकणच्याच मातीतला आहे. त्याचं मोठेपण वादापलीकडचं. पण तो थोरांनी मुलांसाठी निवडलेला सिनेमा. मुलांनी स्वतःच्या पैशानं निवडलेल्या सिनेमाची नोंद आपण ठेवली नाही, कारण सांस्कृतिक इतिहास लिहिणारा वर्ग पुढच्या बाकांवर कधी बसलाच नव्हता. त्यामुळे मराठी बालपणाचा आपला इतिहास संस्कारांचा झाला आणि हौसेचा राहून गेला.

आज खांबच्या नाक्यावरचा पोरगा मोबाइलवर मिनिटभराच्या मारामाऱ्या आणि कोलांटउड्या पाहतो, जमल्यास स्वतः करून टाकतो. त्यावरचा थोरांचा शेरा ऐंशी वर्षांपूर्वीचाच आहे. त्याऐवजी दोन गोष्टी विचारता येतील. या करमणुकीत बळ कुणाला मिळतं, आणि सोंग कुणाचं केलं जातं? स्टंटपटांना हे प्रश्न वेळेवर विचारले असते, तर त्यांचं मोल आणि त्यांचा अन्याय दोन्ही आपल्या पदरी राहिले असते. तसे ते राहिले नाहीत, कारण जे खपत नाही ते जपायचं नाही आणि जे पसंत नाही ते नोंदवायचं नाही, ही आपली रीत झाली आहे. गावच्या ग्रंथालयांनी, शाळांनी, जिल्ह्याच्या इतिहास मंडळांनी ती मोडायची तर सुरुवात पुढच्या बाकांवर बसलेल्या, अजून हयात असलेल्या म्हाताऱ्यांना विचारण्यापासून करावी लागेल.