फॉरवर्ड घडते ती सामन्यांत

२० जानेवारी २०२२ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला आशिया चषक फुटबॉल स्पर्धेत भारताने इराणवर बराच काळ वर्चस्व राखले, संधीही निर्माण केल्या. तरी सामना ०-० असा सुटला. तीनच दिवसांनी करोनाने संघाला स्पर्धेबाहेर काढले आणि चर्चा करोनाचीच झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भुवनेश्वरला सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात भारत अमेरिका, मोरोक्को आणि ब्राझीलकडून अनुक्रमे ०-८, ०-३ आणि ०-५ असा हरला. तीन सामन्यांत भारताच्या मुलींना एकही गोल करता आला नाही. त्यावर प्रतिस्पर्ध्यांच्या ताकदीचे कारण पुढे आले. मला मात्र वाटते की, दोन्ही प्रसंगांत दुखणे एकच होते. गोल करणारी खेळाडू शिबिरात तयार होत नाही. ती सामन्यांत घडते, आणि आपल्याकडे वाढत्या वयाच्या मुलींना सामनेच मिळत नाहीत. या प्रश्नाचे मूळ राजधानीत शोधण्यापेक्षा नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावसारख्या गावात शोधले पाहिजे.

फॉरवर्डचे, म्हणजे गोल करणाऱ्या या खेळाडूचे, काम काही क्षणांचे असते. बचावपटूच्या खांद्याला खांदा लावून उभे राहायचे, पास सुटण्याच्या नेमक्या क्षणी धाव घ्यायची (अर्धे पाऊल आधी निघाली तर ऑफसाइड, उशिरा निघाली तर चेंडू गेला) आणि गोलरक्षक पुढे येत असताना पहिल्याच स्पर्शात चेंडू ताब्यात घ्यायचा. हे सरावात शिकवता येते, पण अंगवळणी पडते ते आपल्याला अडवायलाच उतरलेल्या अनोळखी बचावपटूसमोर. भारताकडून सर्वाधिक गोल करणाऱ्या बाला देवीची कारकीर्द याची साक्ष देते. मणिपूरच्या बिष्णुपूर जिल्ह्यातल्या इरेंगबम गावची ही मुलगी लहानपणी मुलांबरोबर खेळली आणि पुढे मणिपूर पोलीस संघाकडून खेळत राहिली. २०१८-१९च्या इंडियन विमेन्स लीगमध्ये तिने २६ गोल केले. जानेवारी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबने तिला करारबद्ध केले. परदेशी क्लबशी व्यावसायिक करार करणारी ती पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू. पण करोनामुळे तिथले सामने थांबले आणि तिचा पहिला गोल डिसेंबर २०२० मध्ये, मदरवेलविरुद्ध झाला. देशातल्या सर्वोत्तम फॉरवर्डचीही सामन्यांविना ही गत होत असेल, तर बारा वर्षांच्या नवख्या मुलीने काय करावे?

आपल्या शालेय स्पर्धांची रचना पाहा. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ही चढण बाद पद्धतीची असते. आठ संघ असतील तर एकूण सात सामने होतात आणि चार संघांचे वर्ष पहिल्याच सामन्यात संपते. तेच आठ संघ घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर साखळी पद्धतीने खेळले, तर ५६ सामने होतात आणि प्रत्येक मुलीच्या वाट्याला १४ येतात. पहिल्या सामन्यात सोपी संधी दवडलेल्या मुलीला पुढच्या रविवारी ती चूक सुधारता येते. एका ट्रॉलीच्या लिलावावरून कांद्याचा हंगाम कसा जाईल, हे लासलगावच्या बाजारात कुणी सांगू धजणार नाही. मुलींची पारख मात्र आपण एका सामन्यावरून उरकतो. नाशिक जिल्ह्यात गुणवत्तेची वानवा नाही. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये रौप्यपदक मिळवले, तर चांदवड तालुक्यातल्या तळेगावचा दत्तू भोकनळ लष्करात नौकानयन शिकून रिओ ऑलिंपिकपर्यंत गेला. पण धावपटू किंवा नौकानयनपटू एका चांगल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली घड्याळाशी स्पर्धा करत घडू शकतो. फॉरवर्डला समोर प्रतिस्पर्धी लागतो, तोही दर आठवड्याला नवा.

यावर पहिला आक्षेप असा की, गावोगाव लीग चालवण्यापेक्षा मोजक्या मुली निवडून त्यांना उत्तम प्रशिक्षण द्यावे. भुवनेश्वरला खेळलेल्या संघासाठी नेमके हेच झाले होते. परदेशी प्रशिक्षक होते, महिनोन्‌महिने शिबिर चालले, युरोपचे दौरेही झाले. त्या मुलींच्या कष्टांत काही उणे नव्हते. उणी होती ती त्याआधीची सामन्यांची वर्षे. दुसरा आक्षेप असा की, महाराष्ट्राच्या मुलींचा खेळ कबड्डी आणि खो-खो, फुटबॉल कशाला? पण कबड्डीने आपल्याला अभिलाषा म्हात्रेसारखी अर्जुन पुरस्कारविजेती दिली, त्यामागे मंडळांच्या गावोगाव रंगणाऱ्या स्पर्धांची परंपरा आहे. म्हणजे हा आक्षेप माझ्या म्हणण्याला बळच देतो. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: घरचे पाठवत नाहीत. ही भीती खोटी नाही. पण दूरच्या वसतिगृहात मुलगी ठेवण्यापेक्षा रविवारी सकाळी तासाभराच्या अंतरावर सामना खेळून दुपारच्या जेवणाला ती घरी परतणार असेल, तर आईवडिलांना होकार देणे कितीतरी सोपे जाते.

राष्ट्रीय महिला फुटबॉल स्पर्धेच्या करंडकाला आता राजमाता जिजाबाईंचे नाव आहे. ती स्पर्धा मात्र वीसहून अधिक वेळा मणिपूरने जिंकली आहे. देशाच्या लीगमध्ये २०२४-२५ मध्ये सर्वाधिक, म्हणजे २४ गोल युगांडाच्या फाझिला इकवापूटने केले. ही दरी भरायला नवे स्टेडियम लागत नाही. लासलगाव, विंचूर, निफाड, पिंपळगाव बसवंत, ओझर, चांदवड, येवला आणि मनमाड या आठ गावांत शाळांची मैदाने आहेत आणि एसटीने जोडलेले रस्तेही आहेत. चेंडू, शिट्टी, प्रवासखर्च आणि वेळापत्रक पाळणारी दोन-चार माणसे एवढ्यावर मुलींची साखळी स्पर्धा उभी राहते. त्यातून उद्या भारताची फॉरवर्ड निघेलच, अशी हमी कुणी देऊ शकत नाही. पण मुलीला वर्षाकाठी एक सामना द्यायचा आणि तिच्यात गुणवत्ता नाही असा निकालही द्यायचा, हा अन्याय आपण थांबवू शकतो. आधी तिला चौदा सामने द्या, मग तिची पारख करा.