प्रतीची मुदत कोणी ठरवायची?

तंजावर जिल्ह्यात तिरुक्कोडिकावल नावाचे गाव आहे. तिथले शिवमंदिर दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात चोळ राणी सेंबियन महादेवी हिने दगडात नव्याने बांधवले. जुन्या वास्तूवरचे दानलेख तेव्हा वाया जाऊ दिले नाहीत. ते नव्या भिंतींवर उतरवून घेतले आणि उतरवलेल्या लेखांसोबत ‘हीसुद्धा एका जुन्या शिळेची नक्कल आहे’ अशा अर्थाची नोंद तमिळमध्ये कोरली. ही नोंद दानाच्या मजकुराचा भाग नाही, ती मजकुराविषयी आहे. ती नसती तर भिंतीचे वय हेच दानाचे वय, असा समज वाचणाऱ्याने करून घेतला असता. नक्कल विश्वासार्ह ठरते ती अक्षरे जशीच्या तशी उतरल्यामुळे, हे खरेच. पण आपण नक्कल आहोत, कधीची आहोत आणि कुठवर ग्राह्य आहोत, हे तिने सांगणेही तितकेच जरुरीचे असते. आजचे वेब तर जवळजवळ सगळेच नकलांवर चालते. म्हणून तिथे हा प्रश्न रोज, प्रत्येक पानागणिक उभा राहतो.

एखादे संकेतस्थळ उघडले की दिसणारा मजकूर दरवेळी मूळ सर्व्हरवरूनच येतो असे नाही. वाचकाच्या ब्राउझरने ठेवलेली प्रत, किंवा वाटेत जागोजागी प्रती साठवणाऱ्या सीडीएन यंत्रणेची प्रत पुढे केली जाते. या साठवणीला कॅशे म्हणतात. प्रत किती काळ चालवायची, हे मजकुराआधी येणाऱ्या काही ओळी सांगतात. त्या म्हणजे एचटीटीपी हेडर. 1996 साली नोंदवलेल्या एचटीटीपी 1.0 या आवृत्तीत ‘एक्स्पायर्स’ हा हेडर होता. प्रत अमुक तारखेला अमुक वाजता शिळी होईल, एवढेच तो सांगे. देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे घड्याळ जुळले नाही की हिशेब चुके. पुढे ‘कॅशे-कंट्रोल’ आला आणि त्यात ‘मॅक्स-एज’ने मुदत सेकंदांत मोजली जाऊ लागली: 3600 म्हणजे एक तास, 31536000 म्हणजे एक वर्ष. सोबत ‘एज’ हा हेडर आला, तर सामायिक कॅशेतून आलेली प्रत किती सेकंदांची आहे तेही कळते. हे नियम आता 2022 सालच्या आरएफसी 9111 या दस्तऐवजात एकत्र आहेत.

या ओळी लिहिल्याच नाहीत तर काय होते? कॅशे मुळी होतच नाही, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात मुदत दिलेली नसेल तर ती अंदाजाने ठरवण्याची मुभा कॅशेला आहे. पान शेवटचे कधी बदलले ते पाहून, त्या काळाच्या दहा टक्के इतकी मुदत धरावी, असा प्रचलित ठोकताळा आहे. शंभर दिवस न बदललेले पान अशा हिशेबाने पुढचे दहा दिवस ताजे समजले जाते. समजा, त्या पानावर एका ग्रंथालयाच्या वेळा आहेत आणि उद्यापासून दुरुस्तीसाठी दार बंद राहणार आहे. सूचना आज चढवली तरी कालच ज्याच्याकडे प्रत गेली त्याला जुन्याच वेळा दिसू शकतात. पान जितके दिवस स्थिर, तितका त्याच्यावर विश्वास जास्त, असा हा तर्क. आणि नेमक्या बदलाच्या दिवशीच तो दगा देतो. म्हणजे मालक गप्प बसला म्हणून निर्णय टळत नाही. मजकुराशी काही संबंध नसलेले यंत्र तो घेऊन टाकते.

मुदत मालकानेच ठरवायची, तर कशावरून? मजकूर कोणत्या जातीचा आहे, यावरून. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारात तिथले मराठा राजे सरफोजी यांनी 1803 साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. त्याच्या चारच वर्षे आधी, 1799 च्या तहाने, राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला होता. 1855 साली राज्यच संपले. तरी तो लेख शिळा झाला नाही, कारण ‘1803 साली या घराण्याने स्वतःविषयी काय सांगितले’ हे कधीच बदलणार नाही. ‘आज राज्य कोणाचे’ या प्रश्नाला मात्र त्या भिंतीवरून उत्तर घेता येत नाही. हाच भेद मराठी दफ्तरांनाही ठाऊक होता. इनामपत्राच्या शेवटी अधिकाऱ्यांना बजावलेले असे की दरवर्षी नव्या पत्राचा आग्रह धरू नये, या पत्राची नक्कल ठेवून घ्यावी आणि अस्सल पत्र भोगवट्यासाठी धारकाला परत द्यावे. पुन्हा विचारायला येऊ नका, हे मूळ पत्रच सांगते. वेबवर 2017 साली आलेल्या ‘इम्युटेबल’ या सूचनेचा अर्थ अगदी हाच: मुदत आहे तोवर मजकूर बदलणार नाही, फेरचौकशी नको. हस्तलिखिताच्या छायाचित्राला ती शोभते; सुट्टीच्या सूचनेला शोभत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की इतका विचार करण्यापेक्षा दरवेळी मुळालाच विचारावे. जुने दिसण्याचा धोकाच नको. तशी सोय आहे आणि तिचे नाव आहे ‘नो-कॅशे’. नावाने फसू नये: प्रत ठेवू नका असे ती सांगत नाही, वापरण्याआधी विचारा एवढेच सांगते, ठेवूच नका यासाठी ‘नो-स्टोअर’ आहे. विचारण्याची रीतही काटकसरीची आहे. सर्व्हर प्रत्येक आवृत्तीला ‘ईटॅग’ नावाची खूण देतो, ब्राउझर तीच परत पाठवून ‘अजून हीच चालू आहे का’ असे विचारतो, आणि बदल नसेल तर मजकुराविना फक्त 304 हा आकडा येतो. मजकुराचा भार वाचतो. जाण्यायेण्याचा वेळ वाचत नाही. पानात चाळीस चित्रे असतील तर चाळीस चौकशा होतात, आणि खेड्यातल्या कमजोर मोबाइल जोडणीवर त्या जाणवतात. जे बदलणारच नाही त्याची खातरी वारंवार करून घेणे ही सावधगिरी वाटते खरी, पण तिचा खर्च वाचकाच्या माथी पडतो.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे: मुदत लांब द्यावी, चूक झाली तर प्रती पुसून टाकाव्यात. सीडीएनकडची प्रत मालकाला पुसता येते. वाचकाच्या ब्राउझरमधली साधारणपणे येत नाही. वर्षाची मुदत देऊन पाठवलेल्या प्रतीशी मालकाचा संबंधच उरत नाही, कारण ती पुन्हा विचारायलाच येत नाही. गावोगाव उतरवून घेतलेल्या सनदेच्या नकला राजालाही गोळा करता आल्या नसत्या. यावर वेबने काढलेला उपाय साधा आहे. मजकूर बदलला की फाइलचे नावही बदलायचे, आणि त्या नावांकडे बोट दाखवणारे मुख्य पान मात्र ‘नो-कॅशे’ ठेवायचे. जुनी फाइल खोटी ठरत नाही. तिच्याकडे कोणी पाठवत नाही, इतकेच. स्थिर काय आणि चालू काय, याची फाळणी त्यामुळे पत्त्यातच होऊन जाते.

तिसरा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो: हे तांत्रिक काम आहे, सर्व्हर सांभाळणाऱ्याने ते बघावे. पण त्याला काय माहीत असते? तमिळ, मराठी, संस्कृत आणि तेलुगू ग्रंथ सांभाळणाऱ्या तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयासारख्या संस्थेचा विचार करा. तिच्या एखाद्या पानाचा एकच पत्ता असून वाचकाच्या पसंतीप्रमाणे भाषा बदलत असेल, तर ‘व्हेरी’ या हेडरने तसे सांगावे लागते. नाहीतर तमिळ वाचकासाठी साठवलेली प्रत मराठी वाचकापुढे येऊ शकते. अभ्यासकाने मागवलेल्या हस्तलिखितांची यादी त्याच्यापुरतीच असेल, तर ‘प्रायव्हेट’ लिहावे लागते, म्हणजे सामायिक कॅशेने ती ठेवून दुसऱ्याला दाखवू नये. कोणते पान कोणाचे, कोणती यादी दर महिन्याला वाढते, कोणती कधीच वाढणार नाही, हे ग्रंथपालाला ठाऊक असते, यंत्रचालकाला नाही. हेडर टाइप कोणीही करो, त्यातला आकडा ठरवणे हे संपादनाचे काम आहे. म्हणून संकेतस्थळाचा मजकूर मंजूर करताना शुद्धलेखन आणि छायाचित्रे तपासतात, तसेच प्रत्येक प्रकारच्या पानापुढे आणखी एक प्रश्न लिहून त्याचे उत्तर घ्यावे: हे किती काळ खरे राहील? उत्तर देता आले तर ते सेकंदांत लिहावे. देता येत नसेल, तर ‘मला विचारा’ असे लिहावे. रकाना रिकामा ठेवणे मात्र मालकाला परवडणारे नाही, कारण तो दुसरे कोणी तरी भरतेच.