दुरुस्तीला दिलेली अमानत

वस्तू दुरुस्तीला टाकली की ती काही दिवस परक्याच्या ताब्यात जाते. त्या दिवसांत तिचे काही बरेवाईट झाले तर जबाबदार कोण, हा प्रश्न आपल्या फिक्हमध्ये फार जुना आहे. धोब्याने कपडा फाडला, रंगाऱ्याने रंग बिघडवला, तर काय करायचे यावर पानेच्या पाने लिहिली गेली आहेत. आम्हाला तोच प्रश्न एका अलीकडच्या वस्तूबद्दल विचारायचा आहे. जुना टेपरेकॉर्डर, ज्याला आपल्याकडे 'टू-इन-वन' म्हणत.

नांदेडच्या देगलूर नाक्याकडे किंवा लातूरच्या गंजगोलाईमागे, आपल्या कितीतरी घरांत माळ्यावर असे एखादे यंत्र कापडात गुंडाळून ठेवलेले असते. सत्तर-ऐंशीच्या दशकांत सौदीला, दुबईला, कुवेतला गेलेली माणसे परतताना नॅशनल पॅनासोनिक नाहीतर सान्यो खांद्यावर घेऊन येत. त्याबरोबर कॅसेटी येत. ज्यांना लिहिता येत नव्हते, किंवा लिहून मन भरत नव्हते, ते कॅसेटमध्ये बोलून ती गावाकडे येणाऱ्याच्या हाती देत. पाऊस कसा झाला, कर्ज किती फिटले, धाकटीला शाळेत घातले का. कव्वाली आणि बयान आज मोबाइलवर सापडतात. हे बोलणे मात्र जगात त्या एकाच कॅसेटमध्ये असते.

आता बोलणारा मरहूम झाला आहे. मुलाला आवाज ऐकावासा वाटतो. तो यंत्र खाली काढतो, कॅसेट घालतो, बटण दाबतो. इथेच घात होतो.

यंत्राच्या पोटात काय झालेले असते ते सांगायला हवे. वीस-तीस वर्षे पडून राहिलेला रबरी बेल्ट एकतर सैल होतो किंवा वितळून डांबरासारखा चिकटतो. टेप पुढे ओढणारा रबरी रोलर कडक आणि गुळगुळीत होतो. टेप सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर पुढे सरकते. ती गुंडाळून घेणारे चाक बेल्टअभावी थांबले आणि लोखंडी दांडी मात्र टेप ओढत राहिली, तर दहा सेकंदांत दीड फूट टेप आत साचते आणि दांडीभोवती वळसे घेते. यालाच आपण 'टेप खाल्ली' म्हणतो. साठ मिनिटांच्या कॅसेटमधली टेप पंच्याऐंशी-नव्वद मीटर लांब, पण कागदाहून कितीतरी पातळ. नव्वद मिनिटांची त्याहून पातळ. एकदा चुरगळली की तेवढे शब्द गेले.

म्हणून जाणता कारागीर गिऱ्हाइकाची कॅसेट आधी बाहेर काढतो. डांबर झालेला बेल्ट स्पिरिटने पुसतो, नवा चढवतो, रोलर बदलतो, हेड साफ करतो, आणि चाचणीला स्वतःकडची एखादी फालतू कॅसेट घालतो. घाईचा कारागीर आत असलेली कॅसेटच फिरवून बघतो. दोघांची मजुरी सारखीच असू शकते.

दुसऱ्याने टेप खाऊ दिली, तर तो काय भरून देणार? इमाम अबू हनीफा यांच्या मते कारागिराच्या हातातली वस्तू अमानत असते. त्याच्या हाताने ती बिघडली तर त्याने भरून द्यावी, पण दोष नसताना गेली, समजा चोरीला गेली, तर त्याच्यावर बोजा नाही. त्यांचेच शिष्य इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद यांना हे पुरेसे वाटले नाही. टाळता येण्यासारखे नुकसान असेल तर कारागिराने भरलेच पाहिजे, असे ते म्हणत. आमचा कल या शिष्यांकडे आहे, कारण गिऱ्हाइकाला दुकानाच्या आत काय घडले ते कधीच दिसत नाही. पण आमची अडचण त्याच्या पुढची आहे. भरपाई दोन तऱ्हेची मानली गेली. धान्य किंवा तेल गेले तर तसेच तेवढे परत द्यायचे, ती मिस्ली वस्तू. घोडा किंवा घर गेले तर त्याची किंमत द्यायची, ती कीमी. बापाच्या आवाजासारखा दुसरा आवाज आणून देता येत नाही, आणि बाजारात त्याची किंमत कोऱ्या कॅसेटहूनही कमी. दोन्ही खाती रिकामी राहतात.

लातूरच्या माणसाला हे वेगळे समजवावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानंतर घरे पुन्हा बांधून मिळाली, रकमाही मिळाल्या. ढिगाऱ्यातून ज्यांच्या माणसाचा साधा फोटोही निघाला नाही, त्यांना त्या रकमेचे काय करायचे ते ठाऊक होते, फोटोचे काय करायचे ते नव्हते.

ज्याची भरपाईच नाही, त्याची जबाबदारी नुकसानीच्या आधीच पार पाडावी लागते, असे आम्हाला वाटते. आणि ती एकट्या कारागिराची नाही. गिऱ्हाईक संकोचाने म्हणतो, "जुनी गाणी आहेत." कॅसेटमध्ये अब्बा आहेत हे सांगत नाही. मग कारागिराने जपायचे काय? अमानत देताना ती काय आहे हे सांगणे हाही देणाऱ्यावरचा फर्ज आहे.

आणखी एक पेच आहे, तो कारागिरीतल्या माणसांना ठाऊक असतो. टेप ज्या हेडवर घासते ते हेड अगदी सरळ असावे लागते. ते किंचित तिरपे असले तर आवाज घोगरा, दबका येतो, म्हणून बारीक स्क्रू फिरवून ते सरळ करतात. पण घरची कॅसेट ज्या यंत्रावर भरली गेली त्याचेच हेड तिरपे असेल तर? मग कायद्याने सरळ केलेल्या यंत्रावर तीच कॅसेट दबकी वाजते, आणि तितक्याच तिरप्या हेडवर स्वच्छ. मोटरचेही तसेच. भरताना यंत्र हळू चालत असेल, तर आज बरोबर वेगावर बापाचा आवाज पोरसवदा ऐकू येतो. दुरुस्त म्हणजे काय मग? कारखान्याच्या मापाने दुरुस्त, की या आवाजाच्या मापाने? आम्ही दुसऱ्या बाजूला आहोत. यंत्र मालकाचे आहे, त्याला हवे तेव्हा ते पुन्हा मापात आणता येईल. या कॅसेटपुरता स्क्रू आवाजाकडे बघून फिरवावा, एकदा तिची नक्कल करून घ्यावी, मग बाकीचे. आपल्या समाजात सर्वांना एकाच मापाने सरळ करण्याची हौस असलेले बरेच आहेत. त्यांनी हा स्क्रू एकदा फिरवून पाहावा.

स्क्रू फिरवायचा तर ऐकावे लागते. आणि ते बोलणे कारागिरासाठी नव्हतेच. नवऱ्याने बायकोला सांगितलेले असते, त्यात नणंदेची तक्रार असते, पैशांचा आकडा असतो, रडणे असते. आवाज स्वच्छ झाला की थांबणे, आणि ऐकलेले दुकानाबाहेर न नेणे, याला कुठल्याही पावतीवर जागा नसते. पण खियानत इथे टेप तोडण्याइतकीच होऊ शकते. आम्हाला तर ती जास्त वाटते, कारण तुटलेली टेप गिऱ्हाइकाला दिसते तरी.

सूरह निसामध्ये अमानती त्यांच्या हक्कदारांकडे पोचवण्याचा हुकूम आहे. इथे हक्कदार कोण? यंत्र मुलाने आणले, मजुरी त्याने दिली. बोलणारा गेला. ज्या आईला उद्देशून तो बोलला ती अजून आत खाटेवर बसलेली असेल, तर पहिला हक्क तिचा. मुलाने मित्रांना जमवून ती कॅसेट वाजवण्याआधी तिला विचारावे. तिला ऐकायचे नसेल, एकटीने ऐकायचे असेल, तेही तिच्यावर सोडावे.

कॅसेटच्या वरच्या कडेला दोन इवल्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. त्या शाबूत असतील तर लाल बटणावर चुकून बोट पडले की जुने पुसले जाऊन नवे भरू लागते. आईच्या हाती कॅसेट देण्यापूर्वी पेनाच्या टोकाने त्या दोन्ही मोडाव्यात.