वाफेचा रंग

चि. सानिका हिस,


फ्लॅटला रंग दिल्यावर दोन दिवस डोकं दुखलं, मग वासाची सवय झाली, असं लिहिलंस. सवय झाली म्हणजे वाफा गेल्या असं नव्हे, नाक थकतं. थिनरमध्ये बहुधा टोल्युइन असतं. पेट्रोलमधलं बेंझिन तर रक्ताचा कर्करोग करतं. दोन्ही रेणू दिसायला जवळजवळ सारखे, फरक एका मिथाइल गटाचा. तो नाकाला काय कळणार?

तू रसायनशास्त्र घेतलं आहेस, म्हणून क्योटोचं एक काम सांगतो. धातूचे आयन आणि सेंद्रिय रेणू जोडून सच्छिद्र चौकटी बनतात. त्यासाठी कितागावा, रॉब्सन आणि याघी यांना २०२५चं नोबेल मिळालं. कितागावांच्या क्योटोतल्या गटानं २०११ साली जस्ताची एक चौकट दाखवली. तिच्यात दोन जाळ्या एकमेकींत अडकलेल्या. पाहुणा रेणू आत शिरला की जाळ्या सरकतात आणि त्याला घट्ट धरतात. चौकटीतला नॅप्थलीन डायइमाइडचा भाग इलेक्ट्रॉनांचा भुकेला. पाहुणा ते जितके सहज देऊ करेल, तितका अतिनील दिव्याखाली दिसणारा उजेड निळ्याकडून तांबड्याकडे झुकतो. बेंझिनचा रंग वेगळा, टोल्युइनचा वेगळा! मला हे फार मोलाचं वाटतं. पुष्कळ चौकटी वाफ लागली की नुसत्या मंदावतात. काहीतरी आलं एवढंच त्यातून कळतं. कोण आलं ते कळत नाही.

आपल्या पुण्यातही, पाषाणच्या आयसरमध्ये, सुजित घोष यांच्या गटानं २०१३ साली पिक्रिक ॲसिड हे स्फोटक ओळखणारी चमकती चौकट प्रसिद्ध केली. तिथे उजेड मंदावतो, पण पिक्रिक ॲसिडमुळेच सर्वांत जास्त.

खरी अडचण दमट हवेची. १९९९ची गाजलेली एमओएफ-५ ही जस्ताची चौकट हवेतल्या बाष्पानं मोडते, कारण जस्त आणि ऑक्सिजनमधला बंध पाण्यापुढे टिकत नाही. ओस्लोत २००८ साली तयार झालेल्या झिर्कोनियमच्या चौकटी पाण्यात तग धरतात. मुंबईच्या जुलैत, हवेत पाण्याचे रेणू बेंझिनपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असताना, नेमकं बेंझिन ओळखायचं, हे काम अजून तुमच्या पिढीची वाट पाहतंय. प्रकल्पाला हा विषय घेतलास तर कोरड्या नायट्रोजनमधल्या आकड्यांवर समाधान मानू नकोस. पहिली चाचणी दमट हवेत कर, आणि निकाल कसाही आला तरी मला कळव.

तुझे आजोबा