राणीचा अपराध

मारी आंत्वानेत या फ्रेंच राणीचें नांव निघालें कीं, पाव मिळत नसेल तर केक खा, हें तिच्या नांवावर चढलेलें वाक्य सुशिक्षितांच्या ओठांवर येतें. तें तिचें नव्हेच. रूसोनें आपल्या आत्मवृत्तांत तशा अर्थाचे शब्द एका निनांवी राजकन्येच्या तोंडीं घातले आहेत. तो भाग त्यानें लिहिला त्या सुमारास ही व्हिएन्नाच्या राजवाड्यांत खेळणारी परकरी पोर होती. हिऱ्यांच्या हाराचें प्रकरणही तसेंच. १७८५ सालीं उघडकीस आलेल्या त्या ठकबाजींत कार्डिनल रोहान खोट्या सहीस भुलला. राणीस त्याची गंधवार्ताही नव्हती. तथापि पुढील वर्षीं न्यायालयानें रोहानला निर्दोष सोडलें, आणि नालस्ती झाली ती राणीची. लोक तिला 'श्रीमती तूट' म्हणत. ती उधळी होती यांत संशय नाहीं. परंतु १७८८ च्या हिशेबांत राज्याचा जवळजवळ निम्मा खर्च कर्जापायीं जात होता, आणि साऱ्या दरबाराचा मिळून शेंकडा सहाच्या आसपास.

एवढें सांगून तिचे कैवारी थांबतात. आम्हांस थांबतां येत नाहीं. २६ मार्च १७९२ रोजीं, फ्रान्सनें ऑस्ट्रियाशीं युद्ध पुकारण्यास महिनाही उरला नसतां, तिनें ऑस्ट्रियाचा मुत्सद्दी मेर्सी यास पत्र लिहिलें. एक हल्ला सॅव्हॉयवर व दुसरा लीएजच्या बाजूनें व्हावयाचा असून दुसऱ्यासाठीं लाफायेतचें सैन्य योजिलें आहे, हा आदल्या दिवशींच्या मंत्रिपरिषदेंतला बेत तिनें त्यांत कळविला. या सैन्यांत मरावयाचीं होतीं तीं पोरें फ्रेंच शेतकऱ्यांचीं.

ऑक्टोबर १७९३ मध्यें ती क्रांति-न्यायालयापुढें उभी राहिली तेव्हां हें पत्र फिर्यादीच्या हातीं नव्हतें. पुरावा बहुतेक ऐकीव. त्यांतच हेबेरनें तिच्या आठ वर्षांच्या मुलाकडून वदवून घेतलेला, लेखणीसही लाज यावी असा आरोप केला. राणीनें प्रथम उत्तरच दिलें नाहीं. पुन्हां छेडल्यावर तेथें असलेल्या सर्व मातांकडे तिनें दाद मागितली.

निकाल वस्तुस्थितीशीं जुळला म्हणून न्याय झाला, असें म्हणतां येईल काय? आमच्या मतें नाहीं. अंधारांत हाणलेली काठी चोरालाच लागली, म्हणजे तो निवाडा ठरत नाहीं.

याहून अवघड प्रश्न निराळा आहे. तिनें द्रोह केला तो कोणाचा? चौदा वर्षांची असतां संधि टिकावी म्हणून ती फ्रान्सला दिली गेली. तिच्या लेखीं राज्य म्हणजे पतीचें व मुलाचें वतन. 'राष्ट्र' ही बंडखोरांची नवी भाषा. संकटांत माहेरची मदत मागणें तिला द्रोह वाटलेंच नसावें. परंतु सप्टेंबर १७९१ मध्यें राजानें राज्यघटनेची शपथ वाहिली होती, आणि त्या शपथेवरच मंत्रिपरिषदेंत त्याचें आसन होतें. तेथील गुपित बाहेर धाडणें म्हणजे पतीनेंच दिलेल्या शब्दाचा घात. राष्ट्र ही कल्पना बाजूस ठेविली तरी हा दोष उरतोच.

१६ ऑक्टोबरच्या पहांटे तिनें नणंद एलिझाबेथ हिला अखेरचें पत्र लिहिलें. मुलाचें वय लक्षांत घेऊन त्याला क्षमा करावी, आणि आपल्या मृत्यूचा सूड त्यानें कधीं घेऊं नये, असें त्यांत होतें. पत्र पोंचलें नाहीं. दुपारीं राणीचा शिरच्छेद झाला, १७९४ सालीं नणंदेचा. आणि १७९५ सालीं तो मुलगा तुरुंगांतच वारला.