दुखण्याचा आकडा

डोंबिवली पूर्वेला, एमआयडीसीच्या निवासी भागाच्या कडेला, एक नाना राहत. उभी नोकरी फेज दोनमधल्या रंगाच्या कारखान्यात झाली आणि शिफ्ट इन्चार्ज म्हणून ते निवृत्त झाले. डोंबिवलीच्या हवेतला कुठला वास कुठल्या शेडमधून येतो हे त्यांना डोळे मिटून सांगता येई. नातवंडं गच्चीवर नेऊन त्यांची परीक्षा घेत आणि नाना बहुतेक वेळा पास होत.

सत्तरी उलटल्यावर नानांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला आणि तो कण्यात उतरला. उपचार परळला, टाटा रुग्णालयात. थोरला मुलगा रजा टाकून नेई. डोंबिवलीहून फास्ट लोकल, दादरला उतरून पुढे टॅक्सी. गर्दीत कुणी धक्का दिला की नाना ओठ मिटून घेत. डॉक्टर विचारत, "कसं वाटतंय?" नाना म्हणत, "ठीक आहे. थोडंसं दुखतं." डॉक्टर लिहीत, "थोडंसं दुखतं." बाहेर पुढच्या साठ जणांची रांग. एकदा एका तरुण डॉक्टरीणबाईंनी नानांच्या उठण्याबसण्याकडे पाहून फाइलमध्ये एक चिठ्ठी लावली: पॅलिएटिव्ह विभागात दाखवा. मुलानं ती वाचली, घडी केली आणि फाइलच्या मागच्या कप्प्यात सारली. तो विभाग दुखणं आवरण्यासाठी असतो, पण त्याच्या लेखी तो म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले.

घरी मात्र नाना रात्र रात्र जागे असत. उशी तोंडात धरून कण्हत, कारण पलीकडच्या खोलीत नातवाची दहावी होती. नानांच्या पत्नीला, माईंना, सगळं ठाऊक होतं. पण नानांनी शपथ घातली होती, मुलाला सांगायचं नाही. त्याला कळलं की तो आणखी रजा टाकणार, आणि ठाण्यातल्या त्याच्या कंपनीत माणसं कमी करणं चाललं होतं.

मुलाला भिंतीतून ऐकू येतच होतं. तोही बोलत नव्हता.

ठाण्याहून परतीच्या गाडीत एका ओळखीच्यानं त्याला गांजाच्या तेलाचं सांगितलं. त्या ओळखीच्याच्या मेव्हण्याच्या काकांना म्हणे फरक पडला होता. ही माहिती अशीच येते, मेव्हण्याच्या काकांपर्यंत. काका स्वतः कधी भेटत नाहीत. पुढचं मोबाइलनं सांगितलं. कॅनडातल्या रिक सिम्पसन नावाच्या माणसानं २००३ मध्ये आपला त्वचेचा कॅन्सर या तेलानं गेल्याचा दावा केला, आणि तेव्हापासून त्याच्या नावाचं तेल जगभरातल्या हताश घरांत शिजतं आहे. मुलानं रात्री जागून सगळं पाहिलं. शिकलेला होता, म्हणून जास्तच पाहिलं. मग कल्याणात कुणाकडून तरी गांजाचं एक पुडकं आणि कुठून तरी तेल काढायला लागणाऱ्या द्रावकाचे डबे आले.

२०२५ च्या मे महिन्यातला शनिवार. बायको माहेरी, मुलं क्लासला. शेजाऱ्यांना वास जाऊ नये म्हणून त्यानं स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. वडिलांना वास जाऊ नये म्हणून दाराच्या फटीत टॉवेल खुपसला. पातेलं ओट्यावर होतं, शेगडी अजून पेटवली नव्हती. पण द्रावकाला शेगडीची वाट बघावी लागत नाही. मेच्या उकाड्यात ते आपणहून उडत होतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. वर जाऊन विरत नाही, जमिनीवर पसरते, ओट्याखाली, फ्रिजच्या मागे, दाराच्या फटीकडे. टॉवेलनं ती अडत नाही.

नानांना आतल्या खोलीत पलंगावर वास आला. गोडसर, नाकाच्या शेंड्याला झोंबणारा. बाहेरून येणारा नव्हता, घरातला होता. ज्या माणसाला बसतं करायला दोघं लागत, तो भिंत धरून उठला आणि पॅसेजमध्ये आला. दार ढकललं. मुलगा दचकला, वास घालवावा म्हणून त्याचा हात एक्झॉस्ट पंख्याच्या बटणाकडे गेला.

"बटणाला हात लावू नकोस!"

नानांचा तो आवाज मुलानं लहानपणी एकदाच ऐकला होता, कारखान्याच्या गेटवर. हात तिथेच थांबला. बटण दाबताना आत बारीकशी ठिणगी पडते. एरवी ती कुणाच्या ध्यानातही येत नाही. तेवढ्यात नानांना आठवलं की दिवेलागण झाली आहे. बाहेरच्या खोलीत देव्हाऱ्यापुढे माई बसल्या होत्या, हातात काडेपेटी.

"अगं, काडी ओढू नकोस! जिन्यात जा. आधी जिन्यात जा."

"अहो, पण दिवा..."

"देव थांबेल."

मग नानांनी शिफ्ट चालवावी तसं सगळं चालवलं. खिडक्या उघडायला लावल्या, गॅलरीचं दार उघडायला लावलं, फ्रिजचा प्लग ओढायला निघालेल्या मुलाला दरडावून थांबवलं आणि खाली मीटररूममध्ये जाऊन घराचा मेन पाडायला सांगितलं. डब्याला आणि पातेल्याला झाकण घालून ते उघड्या गच्चीवर नेलं. तळमजल्यावर कुणी सिगारेट ओढत नाही ना, हेही पाहायला लावलं. मोरीत काही ओतू दिलं नाही. वाफ गटारातून दुसऱ्याच्या घरात जाते. हे सगळं होईस्तोवर नाना जिन्याच्या कठड्याला टेकून उभे होते. झाल्यावर पायरीवर बसले आणि तिथून त्यांना उचलूनच आत न्यावं लागलं.

डोंबिवलीकराला यातलं काही समजावून सांगावं लागू नये. २६ मे २०१६ ला प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, १२ माणसं गेली आणि दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. २३ मे २०२४ ला अमुदान केमिकल्सचा रिअॅक्टर फुटला तेव्हा नानांच्याच घराची दोन तावदानं गेली होती. पुट्टीचा नवा पांढरा रंग अजून दिसत होता. कारखान्यात निदान ठिणगी न उडणारी बटणं असतात, वाफ ओढून घेणारे पंखे असतात, निरीक्षक कधीतरी येतो. स्वयंपाकघरात फ्रिज असतो, देवाचा दिवा असतो, आणि काम लपवायचं असल्यामुळे खिडकी बंद असते.

मुलाला अपेक्षा होती की नाना गांजावरून बोलतील. त्यांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. ते काम दुसऱ्या दिवशी नानांच्या भाच्यानं केलं. भाचा कल्याणच्या कोर्टात वकिली करतो, माईंनी त्याला फोन करून बोलावून घेतलं होतं.

"दादा, तू नक्की काय बनवत होतास ते तुला ठाऊक आहे का?" त्यानं विचारलं.

"औषध."

"१९८५ चा अमली पदार्थ कायदा त्याला चरस म्हणतो. गांजा वेगळा आणि त्याचं घट्ट केलेलं तेल वेगळं. गांजाची अल्प मात्रा एक किलोपर्यंत. चरसाची शंभर ग्रॅमपर्यंत. चरस एक किलोच्या वर गेला की व्यापारी मात्रा, म्हणजे कमीत कमी दहा वर्षं, जास्तीत जास्त वीस, वर एक ते दोन लाख दंड. आणि जामिनाचं तर नावच काढू नकोस."

"किलो कसला? चमचाभर निघालं असतं."

"२०२० साली हिरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय, मिश्रणातला शुद्ध माल तेवढा मोजायचा नाही, सगळ्या मिश्रणाचं वजन धरायचं. पातेल्यात किती होतं?"

मुलगा गप्प.

"दोन लिटर तरी असेल. सरकारी वकील ते सगळं तराजूवर ठेवा म्हणाला, की आधारवाडी तुरुंगात बसून तू मला चमचा समजावून सांगशील. घर कुणाच्या नावावर आहे?"

"नानांच्या."

"जाणूनबुजून जागा वापरू दिली, हाही गुन्हा आहे. त्यांना माहीत नव्हतं, हे त्या आजारी माणसानं कोर्टात येऊन सांगायचं."

"पण औषधासाठी होतं रे ते."

"औषधासाठी मुभा आहे, ती परवाना घेणाऱ्याला. भांगेच्या पानाला केंद्राच्या व्याख्येतून वगळलंय, म्हणून आयुर्वेदिक कंपन्या परवाना काढून पानाची औषधं बनवतात. तुझं पुडकं पानाचं नव्हतं आणि तुझ्याकडे परवानाही नव्हता."

पलंगावरून नाना ऐकत होते. भाचा गेल्यावर त्यांनी मुलाला जवळ बोलावलं.

"हे कुणासाठी करत होतास?"

"तुमच्यासाठीच ना."

"मला दुखतं, असं तुला कुणी सांगितलं?"

"भिंतीला कान आहेत, नाना."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग माईच उठल्या, फाइल आणली, मागच्या कप्प्यातली चिठ्ठी काढली आणि दोघांच्या मध्ये ठेवली. मुलानं ती वाचून लपवली होती, नानांनी त्याला ती लपवताना बघितलं होतं, आणि माईंना इंग्रजी वाचता येत नसलं तरी ती कुठे आहे ते माहीत होतं. त्या घरात स्वयंपाकघराची खिडकी त्या शनिवारी बंद झाली, पण दारं त्याआधीच बंद झाली होती. द्रावकापेक्षा जास्त धोका मला तिथे वाटतो.

त्या आठवड्यात तिघं परळला गेले. पॅलिएटिव्ह विभागात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला: शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे सहनच होत नाही, तर किती दुखतं?

"चार," नाना म्हणाले.

"खोटं," मागून माई म्हणाल्या. "रात्री नऊ."

डॉक्टरांनी नऊ लिहिलं आणि मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. नाना बिचकले, त्यांच्या पिढीला मॉर्फिन म्हणजे गर्द, नाहीतर शेवटची घटका. डॉक्टरांनी सांगितलं की कॅन्सरच्या तीव्र वेदनेवर तोंडानं घ्यायचं मॉर्फिन जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ सालीच आपल्या मार्गदर्शनात घातलं आहे, मात्रा हळूहळू वाढवतात, आणि पोट अडतं म्हणून त्यासोबत पोट साफ होण्याचं औषध द्यावंच लागतं. गोळीची कमी किंमत ऐकून मुलाला कल्याणचं पुडकं आठवलं असावं. भाच्यानं ज्या कायद्याचा धाक घातला, त्याच कायद्यात २०१४ साली संसदेनं दुरुस्ती केली, ती या गोळ्या मान्यताप्राप्त रुग्णालयांतून रुग्णांपर्यंत सहज पोचाव्यात म्हणून. एक दार कायद्यानं बंद ठेवलं आणि दुसरं मुद्दाम उघडलं. मुलगा नेमका बंद दारावर धडका देत होता.

मुलानं धीर करून तेलाचंही विचारलं. डॉक्टर हसले नाहीत, रागावलेही नाहीत; त्यांना तो प्रश्न नवा नसावा. म्हणाले, "काचेच्या बशीतल्या कॅन्सरच्या पेशी पुष्कळ गोष्टींनी मरतात. माणसाचा कॅन्सर या तेलानं बरा होतो, हे सिद्ध झालेलं नाही. केमोच्या उलट्यांवर या वनस्पतीतल्या एका द्रव्याची गोळी अमेरिकेत १९८५ पासून मान्य आहे, पण तिच्यात किती मिलिग्रॅम आहे ते ठरलेलं असतं. तुमच्या चमच्यात किती, ते तुम्हीही सांगू शकला नसता. द्रावक किती राहिलं तेही नाही. वडिलांचा कणा पोखरलाय. त्या तेलानं चक्कर येऊन हे मोरीत पडले असते, तर पुन्हा उठलेच नसते."

१९८५ हेच आपल्या अमली पदार्थ कायद्याचंही साल. तिकडे गोळी मान्य झाली आणि इकडे कायदा आला. पुढची चाळीस वर्षं आपण गांजा चांगला की वाईट यावर वाद घालण्यात काढली. दुखणाऱ्या माणसाला रात्री झोप लागते का, हा प्रश्न त्या वादात दोन्ही बाजूंनी फारसा विचारला नाही, असं माझं मत आहे.

गच्चीवरचं सगळं तोवर मातीत गेलं होतं. नाना बरे झाले नाहीत. कण्यात उतरलेला कॅन्सर गोळीनं जात नाही, आणि तसं त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. पण नऊचे तीन झाले. गणपतीत ते खुर्चीवर बसून आरतीला आले, टाळ हातात घेतले, आणि नातवाला म्हणाले की कापूर पेटवण्याआधी खिडकी उघड. दिवाळी बघितली आणि जानेवारीत गेले, घरीच, झोपेत.

तुमच्या घरात कॅन्सरचं माणूस असेल, तर पुढच्या तपासणीला जाताना दुखण्याचा आकडा कागदावर लिहून न्या, दिवसाचा वेगळा आणि रात्रीचा वेगळा. आकडा रुग्णाला विचारा, पण रात्री त्याच्या शेजारी जो झोपतो त्यालाही विचारा. आणि डॉक्टरांनी आपण होऊन चिठ्ठी दिली नाही, तर पॅलिएटिव्ह विभाग कुठे आहे ते तुम्हीच विचारा.